बटण नवं, तार जुनी

आमच्याकडं घराचं वय चौकटीवर कोरलेल्या सालावरून काढू नये. ते साल आजोबांच्या हौसेचं असतं. मीटरखालचा बोर्ड बघावा. सागवानी पेटी, चिनी मातीचे फ्यूज आणि पितळी टोपणाची गोल बटणं दिसली की समजायचं, लाईट आली तेव्हा या घरात पैसा होता. काळ्या बॅकेलाइटची बटणं आणि भिंतीवरून उघडी गेलेली लाकडी पट्टी असली की सत्तरचं दशक. सनमायकावर पांढरी पियानो बटणं असली की किल्लारीच्या भूकंपाच्या आगंमागं. आणि चकचकीत मॉड्युलर बोर्ड असला, तर मात्र काहीच समजत नाही. तो उघडल्याशिवाय मी मत देत नाही.

मी भालकीचा. बसवकल्याण, हुलसूर, औराद, हुमनाबाद आणि खाली आळंदपर्यंतच्या घरांतून उभी हयात तारा ओढल्या. आता शिडीवर पोरगा चढतो, मी खाली खुर्ची टाकून बसतो. घरमालक मराठी बोलणारा, बिल कन्नडात, नियमाचं पुस्तक इंग्रजीत आणि शिव्या उस्तादांच्या दखनीत, अशा चार भाषांत मी हे काम शिकलो. आमच्या भागात वीज कशी आली हे कुठल्या तरी दप्तरात असेल. ती घरात शिरल्यावर काय झालं, हे मात्र बोर्डातच बघावं लागतं.

शिवनसमुद्रची वीज १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली आणि १९०५च्या ऑगस्टमध्ये बंगळूरच्या रस्त्यावर दिवे लागले. हे कर्नाटकात मोठ्या अभिमानानं सांगतात, आणि सांगावंच. फक्त त्या वेळी आम्ही त्या राज्यात नव्हतो. बीदर, गुलबर्गा, रायचूर हे निजामाचे जिल्हे. आमची राजधानी हैदराबाद, आणि तिथं हुसेनसागरच्या काठावर औष्णिक केंद्र उभं राहिलं ते १९२० साली. त्या केंद्राचा उजेड शहराला. आमच्या तालुक्यांना चिमणी, कंदील आणि लग्नाकार्यात गॅसबत्ती.

१९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली. मग १ नोव्हेंबर १९५६ला बीदर जिल्ह्याचेच तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. सोयरीक तशीच राहिली, राज्य तेवढं बदललं. वर्षभरात, १९५७च्या ऑक्टोबरात, म्हैसूर राज्य विद्युत मंडळ झालं. पलीकडं १९६०ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं. म्हणजे मांजरा नदीच्या दोन्ही अंगाला ‘एमएसईबी’च! लग्नाच्या पंगतीत तुमची एमएसईबी चांगली की आमची, यावर जावई आणि सासरे भांडलेले मी ऐकलेत. पुढं राज्याचं नाव कर्नाटक झाल्यावर आमची केईबी झाली, आणि २००२पासून गुलबर्ग्याला मुख्य कचेरी असलेली वीज कंपनी जेस्कॉम. लोकांच्या तोंडी अजून केईबीच. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं २०१४ला. तेही आमच्या पिढीच्या तोंडात सवडीनं बसलं.

माझे उस्ताद हैदराबादेत शिकलेले. निजामाच्या वेळी पोरवयात तिथं कुणाच्या तरी हाताखाली राहिले आणि राज्याची वाटणी झाल्यावर बीदरला परतले. सामान आणायला ते हैदराबादच्या ट्रूप बाजारलाच जात. सोलापूरचा माल आमच्याकडं पुष्कळ नंतर यायला लागला. त्यांच्या पेटीत एक पितळी स्क्रूड्रायव्हर, मेणकापड, काळी टेप, दोन बल्ब सिरीजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प आणि एक अडकित्ता असे. अडकित्ता सुपारीसाठीच, कुणी तार कापायला मागितला तर भडकत.

त्या काळी वायरिंग करून घेणारी घरं मोजकी. देशमुखी वाडे, वकील, डॉक्टर, अडते, एखादी तेलाची गिरणी. काम केसिंग-कॅपिंगचं. सागाच्या पट्टीला दोन खाचा, एकीत लाल तार, दुसरीत काळी, वरून लाकडाचं झाकण पितळी स्क्रूनं बसवलेलं. तार तांब्याचीच, वर रबर आणि रबरावर सुताची विणलेली खोळ. भिंती बीदरच्या जांभ्याच्या. जांभा खाणीतून ताजा निघतो तेव्हा कुऱ्हाडीनं तासता येतो, वाऱ्यावर राहिला की कडक होतो, आणि अंगभर भोकं. स्क्रू कुठंच धरत नाही. म्हणून आधी भिंतीत लाकडी खुंट्या चुन्यात बसवायच्या, त्या वाळू द्यायच्या, मग त्यांवर पट्टी. एका वाड्याला महिना सहज जाई. आज पोरं ड्रिल मशीन आणि प्लास्टिकचे गट्टू घेऊन एका दिवसात घर उरकतात. पण तसं सरळ रेषेत गेलेलं केसिंग मला आता कुठं दिसत नाही.

या सुंदर कामाचा वैरी म्हणजे छप्पर. आमच्या जुन्या घरांवर माळवद, म्हणजे लाकडी तुळ्या-किलचणांवर मातीचा थर. आषाढ-श्रावणात तो थर पाणी पितो. पाणी भिंतीतून उतरतं, केसिंगच्या खाचेत साचतं आणि सुताची खोळ ते धरून ठेवते. मग घरातली माणसं म्हणतात, भिंतीला करंट येतोय. दिवाळीपर्यंत सगळं वाळतं, करंट जातो, आणि विषय पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिटतो. नियमाप्रमाणं ५०० व्होल्टच्या मेगरनं तपासलं तर घराच्या वायरिंगचं इन्शुलेशन किमान एक मेगओहम भरायला हवं. असल्या घरात उन्हाळ्यात तपासलं तर पास, श्रावणात नापास. म्हणून जुन्या घराची तपासणी मी पावसातच करतो. लोकांना वाटतं, म्हातारा कामं पुढं ढकलतोय.

काही वर्षांपूर्वी बसवकल्याणच्या एका वाड्यातला असला बोर्ड उघडला. दारामागं, डोक्याच्या वर. झाकणाला दोन बिजागऱ्या, एक आकडा. वर मेन स्विचची ओतीव लोखंडी पेटी, तिची मूठ खाली पाडली की लाईट बंद. पोरगा हात घालणार तेवढ्यात मी टेस्ट लॅम्प मागितला. लाईट गेलेली होती, पण लॅम्प पेटला.

कारण असं. जुन्या काळी फ्यूज दोन्ही तारांवर लावत, फेजवरही आणि न्यूट्रलवरही. समतोल दिसायचं, मालकाला बरं वाटायचं. पण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की दिवा विझतो आणि होल्डरपर्यंत फेज जिवंतच राहते. अंधार झाला म्हणून माणूस बेधडक हात घालतो. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत बत्तिसाव्या नियमानं न्यूट्रलवर एकटा फ्यूज लावायला मनाई केली. पण नियम दिल्लीत झाला म्हणून बसवकल्याणच्या भिंतीतला फ्यूज काही आपोआप निघत नाही. या वाड्यात मेन स्विचच्या आधीपासून कुणीतरी दिवाणखान्याची वेगळी जोडणी घेतलेली, तिला दोन किटकॅट फ्यूज आणि न्यूट्रलचा उडालेला.

मीटरकडून पुरवठा बंद करून मग पेटी रिकामी केली. आत पालीचा सांगाडा, दोन फुटकी अंडी, वाळवीची माती. चिनी मातीचे फ्यूज अजून पांढरेशुभ्र. माती धुतली की नवे. रबराची तार मात्र दोन बोटांत धरली आणि शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं रबर गळून पडलं. आत तांबं लखलखीत. एका फ्यूजमध्ये पाच ॲम्पिअरची ३५ नंबरची तार असायला हवी, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी बारीक. तिथं सायकलच्या ब्रेकची तार वळून घातलेली. घरातल्या आजी म्हणाल्या, “आधी सारखा फ्यूज जायचा बघा. ह्यांनी ती तार घातली, तेव्हापासून कधी गेला नाही.” ‘हे’ जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

सत्तरच्या दशकात काम बदललं. केसिंग परवडेना, म्हणून लाकडी बॅटन पट्टी, तिच्यावर टिनच्या क्लिपा आणि क्लिपांत दाबलेली प्लास्टिकची तार. रबर गेलं, पीव्हीसी आलं. तेवढं चांगलं झालं. पण देशात तांब्याची टंचाई होती, परकी चलन नव्हतं, म्हणून घरगुती वायरिंगमध्येही ॲल्युमिनियम शिरलं. खांबावरच्या उघड्या तारेला ॲल्युमिनियम ठीक. बटणाच्या पितळी स्क्रूखाली ते वाईट. दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो, वर ऑक्साइडचा थर धरतो, जोड गरम होतो, गरम झाला की आणखी सैल. आमच्या भागातली बॅटनची बहुतेक घरं या ॲल्युमिनियमची. दिसायला तार धडधाकट असते. रोग प्रत्येक जोडात असतो. उस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगत, “बटन कू नक्को देख, तार कू देख.” मग कानाखाली एक. कशाबद्दल, ते विचारायचं नाही.

दुसरा धडाही त्यांचाच. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. हे शाळेत शिकवतात. पण उस्तादांनी मला तारेचा तुकडा हातात देऊन, आधी एक हीटर जोडून आणि मग दोन जोडून शिकवलं. ते फोड मी अजून विसरलो नाही.

आता गरिबाच्या बोर्डाकडं येतो. आमच्या भागाचा खरा इतिहास तिथंच आहे. वाडे किती असणार?

कर्नाटक सरकारनं १९७९-८०मध्ये भाग्यज्योती योजना काढली. गरिबाच्या घराला एक जोडणी, एक दिवा, ४० वॅटचा बल्ब. बोर्ड म्हणजे लाकडाचा एक गोल ठोकळा, त्यावर एक बटण. तिथून छपराच्या वाशापर्यंत बारीक तार आणि होल्डर. त्या काळाला धरून योजना चांगली होती, आणि हे मी मनापासून म्हणतो. ज्या घरात बाळंतपणं चिमणीच्या उजेडात झाली, तिथं ४० वॅट म्हणजे फार. औराद तालुक्यात ती जोडणी देताना दाराशी नारळ फोडलेले मी बघितलेत.

पण वीज एका दिव्यावर थांबत नाही. टीव्ही तर आमच्याकडं कित्येक गावांत घरातल्या दिव्याच्याही आधी पोचला होता. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर उपग्रहावरून टीव्हीचा प्रयोग झाला, त्यात कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर, विजापूर जिल्हे होते. सरकारी संच, गावात एक, सगळे अंगणात बसून बघायचे. त्यामुळं घरी लाईट आल्यावर बाईमाणसाला काय हवं हे ठरलेलंच होतं. होल्डरमध्ये दुसरं तोंड बसवायचं, तिथून रेडिओ, मग पंखा, मग काळा-पांढरा टीव्ही, मग मिक्सर. प्लग नसला तर दोन उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत घालून काडेपेटीच्या काड्यांनी आवळायच्या. गोल ठोकळ्याच्या शेजारी आणखी एक ठोकळा, त्याच्या शेजारी आणखी एक. पाठीमागं तार तीच, ४० वॅटसाठी आलेली. हे मी परवा हुलसूरजवळच्या एका वस्तीवरही बघितलं. फरक एवढाच की शेवटच्या ठोकळ्याला आता फ्रीज होता.

या तारा इतकी वर्षं जळल्या का नाहीत, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर जरा विचित्र वाटेल. व्होल्टेज नव्हतं म्हणून. आम्ही लाईनच्या शेपटाला. जोगच्या, शरावतीच्या पाण्यावर झालेली वीज आमच्यापर्यंत येईतो दमायची. संध्याकाळी बल्बची तार नुसती लाल दिसे. आणि बल्ब, इस्त्री, शेगडी ही सामानं कमी दाबावर प्रवाहही कमी ओढतात. मोटारींचे मात्र हाल व्हायचे. रायचूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८५ला सुरू झाला, हळूहळू जवळपास उपकेंद्रं झाली, दाब सुधारला. लोक खूष झाले. जुन्या तारांना तेव्हा पहिल्यांदा पुरा भार कळला, आणि आमचा धंदा वाढला.

त्या सुमाराची एक गोष्ट भालकीतलीच. घर वाण्यांचं, कडक शाकाहारी, रोज लिंगपूजा. चार-पाच दिवस रोज सकाळी माजघरात मासळीचा वास. सुनेवर संशय, शेजाऱ्यांवर संशय, गच्चीवर मांजर काही टाकतंय का म्हणून शोध. घरमालक अप्पांनी माणसं पाठवून नाल्या धुऊन घेतल्या. मी गेलो होतो पंख्याच्या कामाला. वास आला आणि मी विचारलं, “गीझर कधी बसवला?” गेल्याच आठवड्यात, मुंबईच्या जावयानं. १५ ॲम्पिअरच्या सॉकेटवर हात ठेवला तर चटका. बटणं-सॉकेट ज्या प्लास्टिकची करतात, त्यातले काही प्रकार तापून करपायला लागले की वास हुबेहूब मासळीचा येतो. सॉकेट नवा, पाठीमागं तार १/१८ची ॲल्युमिनियम, म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीची एकच दांडी, दिव्यासाठी ओढलेली. गीझर ३००० वॅटचा. २३० व्होल्टला तो १३ ॲम्पिअर ओढणार. घर जळायचं राहिलं ते लिंबाच्या काढ्यापुरतंच पाणी तापवायची अप्पांची काटकसर होती म्हणून. दुरुस्तीनंतर अप्पांनी मला जेवायला बसवलं आणि ही गोष्ट बाहेर सांगू नको म्हणाले. आता नाव न घेता सांगतोय.

बोर्ड कधी बदलायचा, हे लोक मला विचारतात तेव्हा मी नाक, हात आणि कान वापरा म्हणतो. वास आला, बोर्ड हाताला कोमट लागला, बटणातून चिरचिर ऐकू आली, गीझर लावल्यावर देवघरातला दिवा मंदावला, एमसीबी आठवड्याला पडायला लागली, तर पंचांग बघू नका. पण यातलं काहीही न होता मारणारी एक गोष्ट आमच्याकडं आहे, आणि ती म्हणजे कूलर.

बीदर पठारावर बरं. खाली कलबुर्गी-आळंदकडं उन्हाळा भाजून काढतो. पत्र्याचे कूलर इथंच बनतात, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याचा हौद, आत पंप आणि पंखा. लोखंडी अंग, पाणी आणि वीज एकाच पेटीत. पंपाची तार कुठं सोलली की सगळा पत्रा जिवंत होतो. बाई ओल्या हातानं घागर ओतते. तिसऱ्या पिनेत अर्थिंग असेल तर प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पण तिसऱ्या भोकात आमच्या जुन्या बोर्डांत काहीच नसतं. भोक सॉकेटबरोबर आलेलं, तार कुणी ओढलेलीच नाही.

अर्थिंगचं दुखणं आमच्या जमिनीतही आहे. भालकी-औरादची काळी माती ओल धरते, तिथं खड्डा चांगला लागतो. बीदरच्या लाल जांभ्यावर अडीच मीटर खड्डा घ्यायचा म्हणजे पहारीचं काम. तो कोळसा-मीठ घालून नीट भरला तरी एप्रिल-मेत कोरडा ठणठणीत, म्हणजे कूलर लागतो नेमक्या तेव्हाच अर्थिंग झोपतं. म्हणून खड्ड्याच्या नळीत उन्हाळ्यात पाणी ओतत जा, असं मी सांगतो. तुळशीला घालतात, शेजारच्या नळीत तांब्याभर ओतायचं जिवावर येतं. काही घरी मी खड्डाच तुळशीजवळ घेतला, सांडणाऱ्या पाण्याच्या भरवशावर. ती अर्थिंगं अजून उत्तम आहेत.

मग आला भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारचा सुमार, गणपती बोळवून लोक झोपलेले. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. मधे निलंग्याचा पट्टा. आमच्याकडं माणसं वाचली, पण दगड-मातीच्या भिंतींना भेगा गेल्या आणि माणसांच्या मनात माळवदाबद्दल कायमची भीती बसली. त्यानंतरची दहा वर्षं या भागात नुसती घरं पाडणं आणि सिमेंटची बांधणं चाललं होतं. आमच्या धंद्याची यात दिशाच बदलली. पट्टी गेली, पाइप स्लॅबमध्ये गेले, तार दिसेनाशी झाली. तांबं परत आलं. कलबुर्गीच्या सुपर मार्केटातून एमसीबी आणायला लागलो. फ्यूज बांधायची कटकट गेली म्हणून बायका खूष.

पण तार भिंतीआड गेली तेव्हा काय गेलं हे मला लवकर जाणवलं. बॅटनवर लबाडी दिसत होती. कोण बारीक तार ओढतोय, कोण अर्थची हिरवी तार वाचवतोय, हे घरमालकाला खाटेवर पडल्या पडल्या दिसायचं. आता प्लास्टर झालं की वायरमनचा धर्म आणि त्याचं इमान. मॉड्युलर बोर्ड आल्यापासून तर ‘बोर्ड बदलला’ म्हणजे लोकांना तोंड बदलणं एवढंच कळतं. पाडव्याला पाचशे-हजाराच्या पट्ट्या आणतात, निळे दिवे लागणारी बटणं बसवतात, आणि आत तीस वर्षांमागची तार. मग कुणी एसी घेतला की मला बोलावतात. दीड टनाचा एसी, आणि त्याला जोड दिलेली घंटीच्या बटणातून.

एक खूण पूर्वी फुकट मिळायची, ती म्हणजे बिल. बिल फुगलं की बाप ओरडायचा, काय काय जोडलंय रे घरात? हिशेब निघायचा. गृहज्योती १ जुलै २०२३पासून लागू झाली, २०० युनिटांच्या आत, सुरुवातीच्या नियमानं आदल्या वर्षीच्या सरासरीवर दहा टक्के धरून, बिल शून्य. गरिबाला आधार झाला, त्याबद्दल वाद नाही. युनिटं अजूनही बिलावर छापून येतात, पण शून्य रकमेच्या वर छापलेलं कोण वाचतो? एलईडीनं दिव्यांचा भार उतरवला. जिथं १०० वॅटचा बल्ब होता तिथं ९ वॅट आले. ती बचत घरात राहिली नाही. इंडक्शन शेगडी आली, वॉशिंग मशीन आलं. मंजूर भार कागदावर जुनाच.

पैसे थोडे असतील तर काम उलट्या क्रमानं करा, असं मी सांगतो. आधी अर्थिंग. मग मेनजवळ आरसीसीबी, ३० मिलिॲम्पिअरची. गळती झाली की ती अंगातून प्रवाह वाहायला लागल्या लागल्या तोडते, एमसीबी तोडत नाही. मग गीझर, एसी, स्वयंपाकघर यांना मेनपासून वेगळ्या तारा. मग बाकीच्या खोल्यांच्या तारा. तोंडं सगळ्यात शेवटी, आणि नाही बदलली तरी चालेल. ऐकून घेतात आणि तोंडांपासूनच सुरुवात करतात. आरसीसीबी बसवलीच तर दुसऱ्या आठवड्यात फोन येतो, “मामा, ती सारखी पडते, काढून टाका.” ती पडते म्हणजे घरात कुठं तरी गळतंय. एका घरी मी गळती शोधत अर्धा दिवस घालवला. न्हाणीघराच्या भिंतीत खिळा ठोकून आरसा लावलेला, खिळा पाइपातून तारेत. त्या आरशासमोर रोज ओल्या अंगानं दाढी चाललेली. मालकाला खिळा काढून दाखवला तेव्हा तो म्हणाला, तरीच आरसा पुसताना झिणझिण्या यायच्या.

मागच्या हिवाळ्यात हुमनाबादजवळ, हैदराबाद-सोलापूर हायवेला लागून एक तरुण जुन्या वाड्याच्या धर्तीवर हॉटेल बांधत होता. त्याला पितळी टोपणाची बटणं, चिनी मातीचे फ्यूज आणि सागवानी पेट्या हव्या होत्या, सजावटीला. हैदराबादेत जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यानं भाव विचारला होता आणि भाव ऐकून मी दोनदा विचारलं, एका बटणाचा का डझनाचा? आमच्या भागात अशी किती मिळतील, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, पाहिजे तितकी मिळतील, भालकीतच वीस घरं दाखवतो. तो लगेच गाडी काढायला निघाला. त्याला सांगितलं, घाई करू नका, मालकांशी बोलावं लागेल. अजून त्यांवरच मिक्सर चालतोय. शेवटी सौदा असा ठरला की जुना बोर्ड तो घेणार आणि त्या पैशात त्या घराला अर्थिंग आणि आरसीसीबी मी करून देणार. चार घरं झालीत. पाचव्या घरच्या काकू अडून बसल्यात. म्हणतात, आमच्या बोर्डाला एवढी किंमत असेल तर तो राहू द्या भिंतीवर.